फॉरवर्ड येईपर्यंत तारीख गेलेली राहते: गावाकडच्या कॉम्प्युटरवाल्या पोट्ट्यांसाठी

सुट्टीत गावी गेलो की पानठेल्यापाशी दोन-तीन पोट्टे तरी थांबवतात. कोणी बीसीएला आहे, कोणी बीएस्सी कॉम्प्युटरला, कोणी तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "भाऊ, काही असलं तर सांगजा." आता हे 'काही' म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नसते. इंटर्नशिप, स्कॉलरशिप, हॅकाथॉन, जॉब, जे असल ते. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही असाच होतो. सेकंड इयरला असताना एका इंटर्नशिपचा मेसेज तीन ग्रुप फिरून माझ्यापर्यंत आला, उघडून पाहतो तर फॉर्म आदल्या दिवशीच बंद. मग थर्ड इयरला स्कॉलरशिप मंजूर झाली तर पैसेच आले नाही, त्याचं कारण पुढं सांगतो.

आपल्याकडे संधी कमी नाहीत, त्या फिरत फिरत सगळ्यात शेवटी आपल्यापर्यंत पोचतात, आणि पोचल्या तरी त्या दिवशी आपल्याकडचा एखादा कागद कमी राहते, एवढंच आहे. पुण्याच्या पोट्ट्याला त्याचा सीनियर कँटीनमध्ये सांगते, आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून सांगणाऱ्याची वाट पाहायचीच नाही, त्यासाठी काय काय करायचं ते लिहितो.

आधी आठवड्याचा एक दिवस धरा

आमच्या गावचा बाजार बुधवारचा, म्हणून मी बुधवार धरला होता. बाजाराच्या दिवशी घरचे भाजीपाल्याला जातात, आपण अर्धा तास मोबाईलवर ठरलेल्या साईट उघडायच्या. रोज पाहायची गरज नाही, रोज पाहणारा चार दिवसात कंटाळते.

कोणत्या साईट? आपल्या विद्यापीठाची, मग ते अमरावतीचं असो, नागपूरचं असो की गडचिरोलीचं गोंडवाना, तिथलं परीक्षेचं आणि परिपत्रकांचं पान. महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल. स्वयम आणि एनपीटीईएल, सरकारी ऑनलाईन कोर्सवाले. एआयसीटीईचं, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेचं, इंटर्नशिप पोर्टल. आयआयटी बॉम्बेचा फॉसी प्रकल्प ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला राहते अशा सॉफ्टवेअरवर काम करते, त्याची साईट. स्मार्ट इंडिया हॅकाथॉनची साईट, ही टीमनं दिलेल्या प्रश्नावर उपाय बनवायची सरकारी स्पर्धा. एमसीए करायचं असल तर राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणारा सीईटी सेल. आणि फायनल इयरला असाल तर चार-पाच कंपन्यांची करिअर पानं. सगळ्या बुकमार्क करून एका फोल्डरमध्ये टाका म्हणजे दर वेळी शोधत बसावं लागत नाही, आणि शोधताना डुप्लिकेट साईटवर जायची भीतीही राहत नाही.

टेलिग्राम चॅनल आणि व्हॉट्सअप ग्रुप सोडा असं मी म्हणत नाही, पण तिथून आलेली गोष्ट म्हणजे फक्त कुणकुण समजायची. कुणकुण लागली की मूळ साईटवर जाऊन तीन गोष्टी पाहायच्या: शेवटची तारीख काय, कोणासाठी आहे, आणि पैसे मागते का. मूळ साईटवर सापडलंच नाही तर ते पुढं पाठवू नका, दुसऱ्याचीही धावपळ होते.

कोणासाठी आहे ते नीट वाचा

इथं आपले लय जण दोन्ही बाजूनं चुकतात. काही जण 'फक्त बीई-बीटेक' लिहिलेलं असताना बीसीएवरून फॉर्म भरतात आणि मग वाट पाहत बसतात. आणि काही जण उलटे, 'आपलं नाही ते' म्हणून सोडून देतात जेव्हा की ते त्यांच्यासाठीच राहते. एमटेकच्या ॲडमिशनसाठी जी देशपातळीवरची परीक्षा राहते त्या गेटचंच घ्या. गेट म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांचं असं गावभर पक्कं बसलं आहे, पण पदवीच्या तिसऱ्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षाला असलेला कोणीही गेटला बसू शकते, बीसीएवाला आणि बीएस्सीवालाही. २०२४ पासून तर कॉम्प्युटर सायन्ससोबत डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. स्कोअर ३ वर्षं चालते. आता त्यावर पुढं ॲडमिशन कुठं मिळेल ते त्या त्या संस्थेच्या नियमावर आहे, बीसीएनंतर सरळ एमटेक बहुतेक ठिकाणी मिळत नाही, ते आधीच पाहून घ्या. बीसीएवाल्याला एनआयटीत एमसीए करायचं असल तर निमसेट ही प्रवेश परीक्षा, राज्यातल्या कॉलेजात करायचं असल तर सीईटी सेलची एमसीए सीईटी, ह्या वाटा वेगळ्या आहेत.

दुसरी अडचण बॅकची, म्हणजे राहिलेल्या विषयाची. कंपन्यांच्या जाहिरातीत 'ॲक्टिव्ह बॅकलॉग चालणार नाही' असं असलं तर त्याचा अर्थ सध्या विषय राहिलेला नसावा असा होते, आधी राहिला होता आणि निघाला तर चालते. पण 'कधीच बॅकलॉग नको' असंही काही ठिकाणी राहते, दोन्ही वेगळं आहे. आपल्याकडं विंटरचा (हिवाळी परीक्षेचा) निकाल समर (उन्हाळी परीक्षा) जवळ येईपर्यंत आला नाही तर फॉर्ममध्ये काय लिहायचं हा प्रश्न येतोच, तेव्हा जेवढे सेमिस्टर लागले तेवढेच लिहायचे आणि बाकी 'निकाल प्रलंबित'. खोटा आकडा टाकू नका, डॉक्युमेंट तपासणीत तोच नडते.

कागदांची फाईल

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त पोट्टे इथंच अडकतात, म्हणून इथं जरा थांबू.

माझे पैसे का आले नाही ते ऐका. फॉर्ममध्ये मी नवीन खात्याचा नंबर दिला होता, पासबुक जोडलं होतं, सगळं बरोबर. पण सरकारी योजनेचे पैसे आधारवरून जातात, म्हणजे ज्या खात्याला तुमचं आधार शेवटचं सीड झालं, म्हणजे पैसे घ्यायला जोडलं आहे त्या खात्यात. माझं आधार शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्याला जोडलेलं, आणि त्या खात्यात कित्येक वर्षं व्यवहार नाही म्हणून ते बंद पडलेलं. मला वाटायचं कॉलेजच्या बाबूनं अडवलं, दोन महिने त्या बिचाऱ्यावर राग धरला. शेवटी बँकेतल्या मॅडमनं दोन मिनिटात सांगितलं. तुम्ही हे आजच आधारच्या साईटवर पाहू शकता, 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून राहते, ओटीपी येते आणि कोणती बँक ते दिसते. चुकीची बँक दिसली तर ज्या बँकेत पैसे पाहिजे तिथं जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा. नुसती केवायसी केली म्हणजे सीडिंग झालं असं नाही, दोन्ही वेगळं आहे, काउंटरवर 'डीबीटीसाठी सीडिंग' (डीबीटी म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात येणं) असंच म्हणा.

मग दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज करायचा, तो मार्चअखेर जुना होते म्हणून एप्रिल-मे मध्ये नवीन काढून ठेवायचा. ॲडमिशनच्या गर्दीत, जून-जुलैत गेले तर सेतूत पाय ठेवायला जागा राहत नाही. ओबीसी, व्हीजेएनटीवाल्यांनी नॉन क्रीमी लेयर कधीपर्यंत आहे ते पाहून घ्या. डोमिसाईल एकदाच लागते. जात पडताळणी मात्र वेळखाऊ काम आहे, आजोबा-पणजोबाचा जुना पुरावा लागते, आपल्याकडं शाळेचा दाखला नसला की कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते, त्यासाठी तालुक्याला दोन-तीन चकरा होतातच, म्हणून बारावीतच सुरू केलेलं बरं. ज्यांच्या घरी थोडी शेती आहे आणि जे बाहेरगावी राहून शिकतात त्यांनी अल्पभूधारकाचा दाखलाही काढा, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेला तो लागते. पंजाबराव, म्हणजे भाऊसाहेब, आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, आणि त्यांच्या नावाच्या योजनेचा फॉर्म आपलेच पोट्टे भरत नाहीत, याची मला नेहमी गंमत वाटते.

नावाचं स्पेलिंग आधारवर, दहावीच्या मार्कशीटवर आणि बँकेत एकच पाहिजे. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिले राहते, बाहेरच्या देशातल्या फॉर्ममध्ये आधी स्वतःचं नाव मागतात, तिथं गडबड करू नका. पॅन कार्ड काढून ठेवा. मार्कशीट डिजिलॉकरमध्ये मिळतात का पाहा. सगळं स्कॅन करून ड्राईव्हवर एका फोल्डरमध्ये टाका, प्रत्येकाच्या दोन कॉपी, एक चांगली आणि एक लहान साईजची, कारण अर्ध्या फॉर्ममध्ये फाईल अमुक केबीच्या आतच पाहिजे असं राहते आणि रात्री साडेअकराला साईज कमी करत बसायची पाळी येते.

स्कॉलरशिपचं थोडक्यात: खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा ८ लाख. पोरींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत, ॲडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेरीतून. एआयसीटीईची प्रगती स्कॉलरशिप पोरींना वर्षाला ५०,००० रुपये देते, ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, आणि फर्स्ट इयरलाच किंवा डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयरला आल्यावरच भरता येते, ते वर्ष गेलं की गेलं. फॉर्म भरल्यावर स्टेटस पाहत राहा. महाडीबीटीवर फॉर्म 'सेंड बॅक' होऊन पडलेला राहते आणि पोरगं समजते की काम झालं.

तारखा पिकांसोबत बांधा

तारखा दरवर्षी थोड्या इकडंतिकडं होतात पण महिना साधारण तोच राहते. मी त्या शेतीच्या कामाशी जोडून लक्षात ठेवतो कारण आपल्या डोक्यात कॅलेंडर तेच आहे, आणि कामाच्या दिवसात घरी मदतीला जावंच लागते तर अंदाजही येते.

पेरणी आटोपली की जुलैत एनपीटीईएलचे कोर्स सुरू होतात, त्याच्या आसपास महाडीबीटीही उघडते. पोळा-गणपतीच्या दिवसात गेटचा फॉर्म, आणि गेल्या काही वर्षांत स्मार्ट इंडिया हॅकाथॉनची कॉलेजातली फेरीही ह्याच सुमाराला. सोयाबीन सोंगणी ते दिवाळी हा स्कॉलरशिप पोर्टलच्या शेवटच्या तारखांचा काळ, एनपीटीईएलच्या परीक्षाही तेव्हाच. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप राहते, तिचा अर्जही बहुतेक ह्याच दिवसात, तिला शिक्षकाचं शिफारसपत्र लागते म्हणून सरांना महिनाभर आधी सांगा, आदल्या दिवशी नाही. कापूस वेचणीला विंटर एक्झाम. जानेवारीत पुन्हा एनपीटीईएल. फेब्रुवारीत, हरभरा घाट्यावर असताना गेटचा पेपर आणि गुगल समर ऑफ कोडच्या (मानधन घेऊन ओपन सोर्स प्रकल्पात कोड लिहायचा कार्यक्रम) संस्थांची यादी. मार्च-एप्रिलमध्ये समर ऑफ कोडचे प्रपोजल (आपण काय काम करू त्याचा प्रस्ताव), सीईटी, निमसेटचा फॉर्म, आणि डोक्यावर समर एक्झाम.

वहीत दोन रकाने करा. एकात त्यांची शेवटची तारीख, दुसऱ्यात आपली, म्हणजे पाच दिवस आधीची. आपल्याकडं लाईन जाते, टॉवर जाते, आणि शेवटच्या दिवशी साईटही जाते.

एक बारकी गोष्ट. बाहेरच्या देशातल्या कार्यक्रमात वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली राहते. त्यात साडेपाच तास मिळवायचे, १८:०० यूटीसी म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. 'एओई' असं लिहिलं असल तर जगात कुठंही ती तारीख संपेपर्यंत, म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या आसपासपर्यंत वेळ राहते. माझ्या एका मित्रानं हे माहीत नसल्यामुळं चांगला लिहिलेला अर्ज पाठवलाच नाही, त्याला वाटलं रात्री बारालाच संपलं.

कशात हात घालायचा

सगळ्यात भरू नका. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

फर्स्ट आणि सेकंड इयरला एनपीटीईएलचा एक कोर्स करा, एकच. शिकणं फुकट आहे, सर्टिफिकेट पाहिजे तर परीक्षेचे १,००० रुपये, एससी-एसटी आणि दिव्यांगांना अर्धे. परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते म्हणूनच त्याला किंमत आहे. मार्कांचं गणित असं की असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५, पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० लागतात. दर आठवड्याची असाइनमेंट चुकवली की शेवटी कितीही अभ्यास करा, सर्टिफिकेट हुकू शकते. इंग्रजी जड जात असल तर आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल नावाचे व्हिडिओ आहेत, दहा-दहा मिनिटांचे, मराठीतही आहेत, डाऊनलोड करून वावरात बसून पाहता येतात. पायथन, लिनक्स, सी, जावा तिथून सुरू करा आणि मग एनपीटीईएलवर या.

सेकंड-थर्डला फॉसीची फेलोशिप मला आपल्या पोट्ट्यांसाठी सगळ्यात बरोबर वाटते. कारण तिथं निवड कॉलेजच्या नावावर होत नाही, एक काम देतात, ते करून दाखवायचं. आपल्या कॉलेजचं नाव पाहून फाईल बाजूला ठेवणारे लय भेटतात, इथं तो प्रकार नाही.

स्मार्ट इंडिया हॅकाथॉनला टीम ६ जणांची, सगळे एकाच कॉलेजचे, आणि त्यात किमान एक पोरगी पाहिजेच. २०१७ पासून सुरू आहे. अडचण अशी की नाव कॉलेजमार्फतच जाते, कॉलेजचे एक सर त्यासाठी नेमलेले पाहिजे आणि कॉलेजात आधी आतली फेरी व्हावी लागते. लहान कॉलेजात कोणी हे करत नाही. तर जुलैतच ६ जणांनी सह्या करून प्राचार्यांना अर्ज द्या, 'सर, नोंदणी करून द्या, बाकी फेरीची सगळी तयारी आम्ही करतो' असं म्हणा. काम वाढणार नाही म्हटलं की होकार लवकर येते. विषय निवडताना शेतीचे, पाण्याचे, आरोग्य केंद्राचे पाहा. बोंडअळी काय राहते ते तुम्हाला माहीत आहे, समोरच्या टीमला ते गुगल करावं लागते.

गुगल समर ऑफ कोड २००५ पासून आहे आणि २०२२ पासून तर विद्यार्थीच पाहिजे अशीही अट नाही, वय १८ आणि ओपन सोर्समध्ये नवीन असलं की झालं. पण मार्चमध्ये प्रपोजल लिहायला बसलेला पोरगा तिथं लागत नाही. मागच्या वर्षीच्या यादीतून एक प्रकल्प डिसेंबरातच धरा, कोड उतरवून आपल्या लॅपटॉपवर चालवा (यातच चार दिवस जातात, घाबरू नका), मग बारीकसारीक चुका दुरुस्त करून पाठवा. एकदम कोडमध्ये शिरायची भीती वाटत असल तर ट्रान्सलेटविकीवर, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या भाषांतराच्या साईटवर, मराठी भाषांतर करून पाहा, त्यावर निवड होत नाही, पण ओपन सोर्सवाले एकमेकांशी कसे बोलतात, बदल कसा तपासतात हे समजते. पोरींनी आणि आयटीत ज्यांचे लोक कमी आहेत अशांनी आउटरीची ही ओपन सोर्सचीच इंटर्नशिपही पाहावी, तिथं मानधन ७,००० डॉलर आहे.

फायनल इयरच्या बीसीए, बीएस्सीवाल्यांनी लक्षात ठेवा की टीसीएस आणि विप्रोकडं तुमच्यासाठी वेगळी भरती राहते, विप्रोच्या 'विल्प' ह्या भरतीत तर नोकरीसोबत एमटेकही होते, पण त्याला काही वर्षांची बांधिलकी राहते, तो करार घरच्यांसमोर वाचून मगच सही करा. आणि नागपूरचं मिहान, जिथं आयटी कंपन्या आहेत, ते विसरू नका, सगळ्यांनी पुण्यालाच पळायला पाहिजे असं थोडीच आहे.

मेल कसा लिहायचा

प्रोफेसरला किंवा कंपनीला मेल करताना 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट' वगैरे शाळेतलं नको. पाच ओळी पुरतात: मी कोण, कोणत्या वर्षाला, तुमचं कोणतं काम पाहिलं, त्यातलं मी काय करून पाहिलं आणि त्याची लिंक, आणि मला नेमकं काय पाहिजे. चौथी ओळ रिकामी असल तर मेल पाठवू नका, आधी आठ दिवस ते काम करा. शंभर जणांना एकच मेल चिकटवला की तो पहिल्या ओळीतच ओळखू येते. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण, बस. मेल आयडीही साधा ठेवा, 'किंग', 'रॉयल', 'पाटील साहेब' असले आयडी मित्रांसाठी राहू द्या.

पैसे मागितले की थांबा

आमच्या शेजारच्या एका पोट्ट्याला इंटर्नशिपचं ऑफर लेटर आलं, मुलाखत नाही काही नाही, आणि दोन हजार 'ट्रेनिंग डिपॉझिट' मागितलं, नंतर परत मिळणार म्हणे. त्याच्या बापानं तुरीच्या पैशातून दिले. नंतर त्या नंबरवर फोन लागलाच नाही.

काम देणारा आपल्याकडून पैसे घेत नाही, एवढं धरून चाला. परीक्षेची फी ही वेगळी गोष्ट, एनपीटीईएल, गेट, सीईटी यांना फी आहे, पण ती त्यांच्या पोर्टलवर भरायची राहते, कोणाच्या फोनपेवर नाही. मेल मोठ्या कंपनीच्या नावानं आणि पत्ता मात्र जीमेलचा असल तर सोडून द्या. सर्टिफिकेट विकणाऱ्या इंटर्नशिपाही लय निघाल्या आहेत, महिनाभर पाच सोपे टास्क आणि शेवटी सर्टिफिकेटचे पैसे. त्या बेकायदेशीर असतीलच असं नाही पण मुलाखत घेणारे त्याकडं ढुंकूनही पाहत नाहीत. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे मिळायची आशा कमी.

आणि परीक्षेचं सेंटर नागपूरला किंवा अमरावतीला आलं तर हॉल तिकीट आदल्या दिवशीच काढा, दोन प्रती, एक बॅगेत आणि एक खिशात. पहाटेच्या यष्टीच्या वेळी स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याचं शटर बंद राहते.